वाटांची वही

जें काम पुनःपुन्हां करावें लागतें, त्याचा तपशील मनुष्य एकदां कोठेंतरी टिपून ठेवतो आणि पुढील वेळीं त्या टिपणाच्या आधारानें चालतो. घरांतील वडील मंडळी नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेली म्हणजे तेथील तीर्थोपाध्याय त्यांस प्रथम गांव व आडनांव विचारतात, हें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. एवढ्या दोन शब्दांवर ते आपल्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांतून नेमकी वही काढतात, आणि त्या घराण्यांतील आजे-पणजे पूर्वीं केव्हां येऊन गेले व त्यांनीं कोणाकोणाचीं नांवें सांगितलीं, तें वाचून दाखवितात. यजमानानें सारी वंशावळ तोंडपाठ करून येण्याची गरज नसते. दोन शब्द बरोबर सांगितले कीं पुरे. बाकीचें वही सांगते.

प्रस्तुत लेखांत आम्हांस अशाच एका वहीविषयीं लिहावयाचें आहे. ती कागदाची नसून संगणकांतील आहे, आणि तींत माणसांच्या वंशावळी नसून दूरच्या यंत्रांपर्यंत जाण्याच्या वाटा नोंदलेल्या असतात. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु अशी एक वही नाहींशी झाल्यामुळें गोरगरिबांचा पैसा दोन दिवस अडकून पडलेला आम्हीं पाहिला आहे. म्हणून तो आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडण्यास आम्ही धजलों आहों.

प्रथम दूरचें यंत्र म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. आम्ही नांदेडास राहतों, आणि ज्या संगणकांची देखभाल आमच्याकडे आहे त्यांपैकीं कांहीं लातुरास आहेत. ह्या दोन शहरांचें नातें जुनें आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयेंही त्याच्या कक्षेंत आलीं, तेव्हांपासून तें अधिकच दृढ झालें. लोहा, अहमदपूर व चाकूर ह्या मार्गानें लातूर नांदेडाहून सुमारें १४० किलोमीटर आहे. एखाद्या यंत्राची एवढीशी चूक दुरुस्त करण्यासाठीं प्रत्येक वेळीं एस. टी. धरावी, तर जाण्यायेण्यांतच दिवस मावळावयाचा. म्हणून आम्ही नांदेडच्या संगणकावर एक काळी खिडकी उघडतों. तींत चित्रें नसतात. केवळ अक्षरें असतात. तींत आम्ही आज्ञा टंकित करतों, ती लातूरच्या यंत्रास पोंचते, आणि त्याचें उत्तर आमच्यापुढें उमटतें. बोटें नांदेडास व काम लातुरास, असा हा प्रकार आहे.

ह्या प्रकाराचा इतिहासही थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. टेलनेट नांवाची जुनी पद्धत १९६९ पासूनची. तींत जें जें टंकावें तें उघड्या पोस्टकार्डाप्रमाणें जात असे. वाटेंत कान लावून बसलेल्या कोणासही परवलीचा शब्द वाचून घेतां येई. १९९५ मध्यें फिनलंड देशांतील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत असेच परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथील संशोधक टाटू इलोनेन यांनीं सर्व संभाषण जणूं कुलूपबंद पेटींतून नेणारी एसएसएच नांवाची पद्धत तयार केली. संगणकावर येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीस एका ठराविक क्रमांकाचें दार असतें. त्यास पोर्ट म्हणतात. फाइली नेण्याच्या जुन्या पद्धतीचें दार २१ वें व टेलनेटचें २३ वें. मधलें २२ वें इलोनेन यांनीं आपल्या पद्धतीसाठीं मागून घेतलें, आणि आजही एसएसएचचें नेहमींचें दार तेंच आहे. विंडोज संगणकावरून ह्या दारांत शिरण्यासाठीं सायमन टॅथम या इंग्रज गृहस्थांनीं लिहिलेला पुटी हा प्रोग्रॅम १९९९ पासून विनामूल्य मिळत आहे. आमच्या भागांतील कित्येक कचेऱ्यांत व महाविद्यालयांत दूरच्या यंत्राशीं पहिली ओळख होते ती ह्या पुटीच्याच खिडकींतून.

आतां दूरच्या यंत्रापर्यंत जावयाचें तर काय काय ठाऊक असावें लागतें, तें पाहूं. यंत्राचा पत्ता हवा. दाराचा क्रमांक हवा. कारण पुष्कळ व्यवस्थापक २२ वें दार बदलून भलताच क्रमांक ठेवतात. कोणत्या नांवानें आंत शिरावयाचें तें नांव हवें. त्यानंतर अक्षरांची पद्धत; ती युटीएफ-८ नसेल तर देवनागरींत नांव दिलेल्या फाइलीच्या जागीं चित्रविचित्र खुणा उमटतात. जोडणी कांहीं वेळ निश्चल राहिली कीं मधलें एखादें यंत्र ती तोडून टाकतें. तसें होऊं नये म्हणून ठराविक सेकंदांनीं एक रिकामा निरोप पाठवीत राहण्याची सोय असते, ती चालू करावी लागते. शिवाय ज्यांची दृष्टि अधू झाली आहे त्यांस अक्षरांचा आकार मोठा हवा असतो. इतक्या गोष्टी रोज नव्यानें भरावयाच्या म्हणजे दर वेळीं वंशावळ तोंडपाठ म्हणण्यासारखेंच होय.

म्हणून पुटीच्या पहिल्याच पानावर जतन करण्याची सोय ठेवलेली आहे. पत्ता व दार भरावें, इतर पानांवरील आवडी-निवडी ठरवाव्या, मग पहिल्या पानावर परत येऊन त्या साऱ्यास एक नांव द्यावें व सेव्ह ही कळ दाबावी. तें नांव खालच्या यादींत बसतें. दुसऱ्या दिवशीं त्या नांवावर दोनदां टिचकी मारली कीं सर्व तपशिलासह वाट उघडते. यांत नवशिके फसतात तें एकाच जागीं. ते नांव उघडतात, अक्षरांचा आकार वाढवितात, काम संपवितात आणि खिडकी मिटतात. दुसऱ्या दिवशीं अक्षरें पूर्ववत् बारीक! बदल करणें निराळें व बदल नोंदणें निराळें. पहिल्या पानावर येऊन, तेंच नांव निवडून, पुन्हां सेव्ह केल्यावांचून वही बदलत नाहीं.

त्या यादीच्या माथ्यावर डिफॉल्ट सेटिंग्ज हें एक नांव पूर्वींपासूनच असतें. पत्त्याची जागा रिकामी ठेवून इतर सर्व निवडी ह्या नांवाखालीं जतन केल्या, तर पुढें निर्माण होणारी प्रत्येक नवी वाट तेवढी तयारी घेऊनच जन्मास येते. मात्र पूर्वीं जतन केलेल्या वाटांवर त्याचा परिणाम होत नाहीं. कारण पुटी प्रत्येक नांवाखालीं साऱ्या निवडींची स्वतंत्र प्रत ठेवतो. घराचा रिवाज बदलला तरी वेगळ्या निघालेल्या भावांच्या चुली जुन्याच रिवाजानें पेटाव्या, तसें हें आहे.

येथवर झालें तें यंत्राच्या सोयीचें वर्णन. परंतु वही ही नुसती सोय नव्हे, तर ती एक जबाबदारीही आहे, हें आम्हांस ज्या प्रसंगानें शिकविलें तो आतां सांगतों. एका पतसंस्थेचे सारे हिशेब लातुरांतील एका यंत्रावर असत, आणि नांदेडच्या शाखेंतील एक जुने कारकून रोज सकाळीं पुटींतून त्यास जोडून घेत. ते निवृत्त झाले. पुढें थोड्याच दिवसांनीं त्यांच्या मेजावरील संगणक बिघडला. दुरुस्ती करणाऱ्यानें त्यावर विंडोज नव्यानें घातलें. पत्रें व तक्ते तेवढे आधीं काढून ठेवले होते. संगणक झकास चालूं लागला, पुटीही पुन्हां आणून बसविला, परंतु त्याची यादी कोरी होती. पत्ता कोणास ठाऊक नव्हता. दार २२ वें नव्हतें, एवढेंच एकास आठवत होतें. निवृत्त कारकुनांस फोन केला, तेव्हां त्यांनीं मोठ्या प्रामाणिकपणें सांगितलें, "वरून तिसरें नांव दाबावयाचें, एवढें मला पक्कें माहीत आहे."

दसरा तोंडावर आलेला. संस्थेच्या दारांत बचतगटाच्या बाया ठेवी काढण्यासाठीं बसलेल्या. त्यांत एक विधवा बाई होती. तिच्या मुलाची महाविद्यालयांतील फी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती. तिचे पैसे कोणीं लुबाडले नव्हते, ते बुडालेही नव्हते. यंत्रांत तिच्या नांवावर ते शाबूत होते. केवळ तेथवर जाण्याची वाट हरवली होती. आम्हांस बोलावणें आलें तेव्हां अर्धा दिवस गेला होता. शेवटीं एक जण एस. टी.नें लातुरास गेला, प्रत्यक्ष यंत्रापुढें बसला, आणि त्याच्याच तोंडून पत्ता व दाराचा क्रमांक काढून घेऊन त्यानें नांदेडास फोन केला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं व्यवहार सुरूं झाला. त्या बाईनें मधल्या काळांत शेजाऱ्यांकडून उसने घेऊन फी भरली होती. ती कोणावर रागावली नाहीं. "यंत्राचं काय सांगावं, बाबा," एवढेंच म्हणाली. परंतु दोष यंत्राचा नव्हता. यंत्रास जें सांगितलें होतें तें त्यानें अखेरपर्यंत इमानानें पाळलें होतें.

ह्या प्रसंगांतून जें घ्यावयाचें तें असें. पुटी आपली यादी फाइलींच्या कपाटांत ठेवीत नाहीं; विंडोजच्या रजिस्ट्री नांवाच्या आंतल्या दप्तरांत, त्या त्या वापरकर्त्याच्या खात्याखालीं ठेवतो. म्हणून कागदपत्रांची प्रत काढणाऱ्याच्या ध्यानांत ती येत नाहीं, आणि त्याच संगणकावर दुसरा मनुष्य आपल्या खात्यानें शिरला तर त्यास ती दिसतही नाहीं. मात्र रजिस्ट्रीच्या संपादकांत जाऊन सायमन टॅथम यांच्या नांवाखालचा पुटीचा भाग शोधावा, त्यांतील सेशन्स ही शाखा निर्यात करावी, म्हणजे सारी यादी एका लहानशा फाइलींत उतरते. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडली कीं तेथेंही तीच यादी उभी राहते. हें काम पांच मिनिटांचें आहे. तें झालें असतें तर त्या बाईस उसनवारी करावी लागली नसती.

लिनक्सवर आणि २०१८ पासून विंडोज १० वरही एसएसएचची साधी आज्ञा मिळते. तिची वही याहून सरळ आहे. ती कॉन्फिग नांवाची एक साधी अक्षरांची फाइल असते. तींत होस्ट ह्या शब्दापुढें आपण ठरविलेलें टोपणनांव लिहावयाचें व त्याखालीं एकेका ओळींत खरा पत्ता, वापरकर्त्याचें नांव, दार आणि किल्लीचें ठिकाण. मग एसएसएच ह्या आज्ञेपुढें नुसतें तें टोपणनांव टंकलें कीं झालें. येथें प्रत्येक वाटेची स्वतंत्र प्रत नसते. सर्वांस लागू असा एक सामाईक भाग फाइलीच्या शेवटीं लिहितां येतो, आणि तो बदलला कीं सर्व वाटांस बदल लागू होतो. मात्र एकाच गोष्टीविषयीं दोन ठिकाणीं निरनिराळें लिहिलें असेल तर जें आधीं आढळेल तें मानलें जातें. म्हणून विशेष नियम वर व सामान्य नियम खालीं, हा क्रम सोडूं नये. ही फाइल कोणासही वाचतां येते, तिची प्रत सहज निघते. फार काय, ती छापून कपाटांतही ठेवतां येते.

आतां नांवांविषयीं दोन शब्द. त्या पतसंस्थेच्या यादींतील तिसरें नांव काय होतें, तें पुढें आम्हीं त्या कारकुनांस विचारलें. तें होतें "नवीन २". जुनें कोणतें, नवीन १ कोठें गेलें, हें देणाऱ्यासही आठवत नव्हतें. नांव स्वतःपुरतें ठेवलें कीं असें होतें. आम्ही आमच्या यादींत गांव, संस्थेचें काम आणि यंत्राची योग्यता, ह्या तीन गोष्टी त्याच क्रमानें घालतों: लातूर-हिशेब-खरें, लातूर-हिशेब-सराव. शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. सरावाच्या यंत्रावर पुसून टाकलेली नोंद हंसण्यावारी नेतां येते. खऱ्या यंत्रावर पुसलेली नोंद म्हणजे कोणाची तरी ठेव होय. पुटींत प्रत्येक वाटेस निराळा रंग जतन करतां येतो. आम्हीं खऱ्या यंत्राच्या खिडकीची पार्श्वभूमि गडद तांबडी ठेवली आहे. ती उघडली कीं नवखा मुलगाही हात आंखडतो, आणि आज्ञा दोनदां वाचून मगच कळ दाबतो.

वहींत काय लिहावें हें सांगितलें. काय लिहूं नये हेंही सांगणें प्राप्त आहे. पुटीच्या यादींत पत्ता राहतो, दार राहतें, वापरकर्त्याचें नांवही राहूं शकतें. परवलीचा शब्द मात्र तो जतन करीत नाहीं. पुष्कळांस ही उणीव वाटते व ते तो शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस चिकटवितात. आमच्या मतें ही उणीव नसून शहाणपण आहे. घराचा पत्ता दहा जणांस सांगावा, कारण पाहुण्यानें यावें अशी आपली इच्छा असते; परंतु पत्त्याच्या पाटीवर कोणी किल्ली टांगून ठेवीत नाहीं.

परवलीच्या शब्दाहून उत्तम मार्ग किल्लीजोडीचा. त्याचें मर्म आमच्या शाळेंतील मुलांस एका परिचित कथेवरून कळेल. जुन्या करारांतील शास्ते ह्या पुस्तकांत अशी हकीकत आहे कीं, गिलादी लोकांनीं यार्देनेचे उतार रोखून धरले व पार जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकास ते शिब्बोलेथ हा शब्द उच्चारावयास लावीत. एफ्राइमी मनुष्यास शब्द ऐकूं येई, परंतु त्याच्या जिभेस तो साधत नसे. त्या कथेचा शेवट रक्तपाताचा आहे, त्याचें अनुकरण कोणीं करावयाचें नाहीं. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, नुसता ऐकून जो उसना घेतां येत नाहीं असा तो पुरावा होता. किल्लीजोडींत दोन किल्ल्या असतात: एक उघडी, ती दूरच्या यंत्रास दिलेली, दुसरी गुप्त, ती आपल्यापाशींच राहिलेली. यंत्र प्रश्न घालतें, आणि गुप्त किल्ली ज्याच्यापाशीं आहे त्यासच त्याचें बरोबर उत्तर देतां येतें. परंतु ती किल्ली स्वतः कधींही वाटेस लागत नाहीं. पुटीची यादी ह्या किल्लीचें ठिकाण तेवढें नोंदते, किल्ली नोंदत नाहीं. म्हणून यादीची प्रत दुसऱ्यास निःशंकपणें देतां येते. किल्ली ज्याची त्यानें निराळी करून घ्यावी.

आपली ओळख यंत्रास पटविली; परंतु यंत्राची ओळख आपणांस कशी पटावी? वृद्ध इसहाकाची दृष्टि मंद झाली होती. आवाज याकोबाचा आहे हें त्यास जाणवलें, तरीही केंसाळ कातडें पांघरलेल्या हातांवर विश्वासून त्यानें एसावाचा आशीर्वाद याकोबास देऊन टाकला. दूरच्या यंत्रापुढें आपण सारेच इसहाकासारखे आहों. दिसत कांहींच नाहीं. म्हणून पहिल्या भेटींत पुटी त्या यंत्राच्या ओळखीचा ठसा दाखवितो व आपण होकार दिल्यास जपून ठेवतो. पुढें प्रत्येक वेळीं तो नवा ठसा जुन्याशीं ताडून पाहतो, आणि फरक पडला तर मोठ्या अक्षरांत सावध करतो. हे ठसे वाटांच्या यादीपासून निराळ्या शाखेंत असतात. म्हणून यादी दुसऱ्या संगणकावर नेली तर तेथें पहिल्या भेटीचा प्रश्न पुन्हां येतो, त्यानें घाबरून जाऊं नये. मात्र जेथें रोजचें जाणेंयेणें आहे तेथेंच एखाद्या दिवशीं ठसा बदलला, तर थांबावें.

गेल्या वर्षीं आमच्याकडे शिकावयास आलेल्या एका मुलीपुढें असाच इशारा उभा राहिला. काम तांतडीचें होतें, लातूरचे गृहस्थ फोनवर घाई करीत होते, आणि "होय म्हणून टाका, कांहीं होत नाहीं" असा सल्लाही त्यांनीं दिला. तिनें होय म्हटलें नाहीं. यंत्रांत कांहीं फेरफार झाला आहे काय, असें तिनें नम्रपणें विचारलें. चौकशीअंतीं कळलें कीं, आदल्या रात्रीं तबकडी निकामी झाल्यामुळें तेथील कारागिरानें नवी बसवून सारी प्रणाली पुन्हां घातली होती. त्यामुळें यंत्राचा ठसाही नवा झाला होता. तिनें त्या कारागिरास यंत्रापुढें बसवून ठसा अक्षरशः वाचून दाखवावयास लाविलें, आपल्या पडद्यावरील अक्षरांशीं ताडला, आणि मग होकार दिला. वीस मिनिटें गेलीं; लबाडी कोणतीच निघाली नाहीं. फोनवरचे गृहस्थ थोडे नाराज झाले. तथापि आम्हीं त्या दिवशीं त्या मुलीची पाठ थोपटली, कारण लबाडी असती तरीही तिनें हेंच केलें असतें.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, सारें वहीवर सोंपविल्यानें मनुष्याची स्मरणशक्ति दुबळी होते. त्या कारकुनांचेंच उदाहरण पाहा. आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धें. ते कारकून वहीमुळें फसले नाहींत. वहींत काय लिहिलें आहे हें त्यांस कोणींच कधीं उलगडून दाखविलें नाहीं, म्हणून फसले. त्यांच्या जागीं वाट बांधून दिली दुसऱ्यानेंच, आणि ती अमक्या पत्त्याची, अमक्या दाराची, अमक्या कारणासाठीं आहे, हे चार शब्द सांगण्याइतकी सवड त्यास झाली नाहीं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मुलांस आम्ही पहिला महिना कोरी यादी देतों. पत्ता हातानें भरावा, दार हातानें भरावें, अक्षरांची पद्धत हातानें निवडावी. महिन्यानंतर, ज्यास हें सारें न अडखळतां करतां येईल त्यानें वाटेस नांव द्यावें व ती जतन करावी. आणि त्याच दिवशीं संस्थेच्या कागदी नोंदवहींतही तें नांव, पत्ता, दार, वापरकर्त्याचें नांव व प्रयोजन शाईनें लिहावें. परवलीचा शब्द मात्र त्या वहींत नव्हे. तो मोहोरबंद पाकिटांत, संस्थेच्या तिजोरींत. वीज गेली, संगणक गेला, कारकून निवृत्त झाले, तरी कागद उरतो.

आमच्या विद्यार्थिमित्रांस हा विषय दूरचा वाटूं नये. पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅक १९८८ मध्यें स्थापन झालें व त्यानें १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक तयार केला. पुण्याच्याच आयसर संस्थेंत २०१९ मध्यें परम ब्रह्म हा महासंगणक बसविण्यांत आला. अशा महासंगणकांपुढें जाऊन कोणी बसत नाहीं. संशोधक आपापल्या जागेवरून एसएसएचच्या खिडकींतूनच त्यांस काम सांगतात. आणखी जवळचें उदाहरण द्यावयाचें तर, नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा येथें गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-भारत वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मान्यता दिली. जेथें ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास आपलीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं, त्याच औंढ्याच्या परिसरांत उद्यां जगांतील शास्त्रज्ञांचें लक्ष लागेल. तेथील यंत्रांशीं दूर राहून बोलणाऱ्यांत ह्या शाळेच्या बांकांवर बसलेलीं मुलें कां नसावीं?

तीं असतील तेव्हां त्यांस आज्ञा व प्रणाली शिकविणारे पुष्कळ भेटतील. आमचें सांगणें लहान आहे. आपण चाललेली वाट नांवानिशीं लिहून ठेवावी. तें नांव असें असावें कीं जो आपणांस कधीं भेटला नाहीं त्यासही त्याचा अर्थ लागावा. किल्ली वाटेच्या पाटीवर टांगूं नये. ओळखीच्या दारांत अनोळखी आवाज ऐकूं आला तर घाई करणाऱ्यास थोडें थांबवावें. आणि निवृत्त होण्यापूर्वीं, किंबहुना नुसतें रजेवर जाण्यापूर्वींही, आपल्या जागीं बसणाऱ्यास वही उघडून एकदां शेजारीं बसवून घ्यावें. त्या पतसंस्थेंत आतां दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं यादीची प्रत काढली जाते, आणि तें काम दर खेपेस निराळ्या कारकुनाकडे असतें. यादींतील तिसरें नांव हल्लीं काय आहे, हें तेथील शिपायासही वाचतां येतें.